चोथ्याची बखर

एखाद्या गोष्टीत काही दम उरला नाही, की आपण मराठी माणसं म्हणतो, ‘तिचा पार चोथा झाला.’ वक्ता तेच तेच बोलू लागला की विषयाचा चोथा होतो. पण हीच मराठी शाळेतल्या आरोग्याच्या धड्यात सांगते, की आहारात चोथा हवा, त्याशिवाय पोट नीट राहत नाही. एकाच शब्दाचा एका तोंडाने अपमान आणि दुसऱ्या तोंडाने सन्मान! मी कविता लिहिणारा माणूस. शब्दाच्या अशा दुहेरी वागणुकीकडे माझं लक्ष आधी जातं. त्या शब्दाचा माग काढत गेलो, तर स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून मी थेट इतिहासात जाऊन पोचलो.

आमच्या कोकणात नारळाचं दूध हे रोजचं काम. नारळ खवायचा, तो चव वाटून कोमट पाण्यात कुस्करायचा आणि फडक्यातून पिळायचा. पहिलं दाट दूध बाजूला ठेवायचं, दुसऱ्या पातळ दुधात कालवण शिजवायचं, आणि दाट दूध शेवटी घालायचं. सोलकढीला तेच, आमच्याकडच्या गोड सांदणाला तेच. दोन-तीन पाणी पिळून झाली की फडक्यात उरतो तो चोथा. माझी नानी तो टाकत नसे. थोडा तव्यावर कोरडा भाजून लसूण-मिरचीच्या चटणीत जाई, थोडा तांदळाच्या पिठात मळला जाई, राहिलेला कोंबड्यांपुढे. नियम एकच होता. दिवेलागणीच्या आत त्याची वाट लागली पाहिजे. शिळा चोथा घरात ठेवायचा नाही. कारण विचारलं तर ‘नाही ठेवत’ एवढंच उत्तर मिळे. ते कारण मला फार पुढे, जावा बेटाच्या इतिहासात सापडलं. पण तिथे जायच्या आधी थोडं रोमला जाऊ.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो नावाच्या रोमन मुत्सद्द्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. मळ्याच्या मालकाने काय पेरावं, काय विकावं आणि गुलामांना खायला-प्यायला किती द्यावं, याचा त्यात रोखठोक हिशेब आहे. द्राक्षाचा हंगाम संपला की गुलामांनी तीन महिने ‘लोरा’ प्यावा, असं तो सांगतो. लोरा म्हणजे काय? रस काढून झालेला द्राक्षाचा चोथा पाण्यात भिजवायचा, पुन्हा पिळायचा आणि जे पाणी निघेल ते आंबवायचं. पहिला रस मालकाचा, चोथ्याचं पाणी गुलामाचं. फ्रान्समध्येही असंच पेय ‘पिकेत’ या नावाने शेतमजुरांच्या वाट्याला येत राहिलं. रसाची वर्णनं कवींनी केली, चोथ्याची नोंद मात्र शिधा मोजणाऱ्याच्या वहीत झाली. कवी म्हणून हे मला जरा लागतं.

जपानमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून गाळतात. दुधाचं टोफू होतं आणि मागे पांढरा, भुसभुशीत चोथा राहतो. त्याला म्हणतात ‘ओकारा’. यातला ‘कारा’ म्हणजे टरफल, आणि मागे लावलेला ‘ओ’ आदराचा. चोथ्याला आदरार्थी बोलणारे लोक मला तरी दुसरे ठाऊक नाहीत. पण ‘कारा’ हा उच्चार ‘रिकामा’ या शब्दाशीही जुळतो. रिकामं म्हणणं अशुभ, म्हणून त्यांनी आणखी नावं शोधली. आपण नाही का, दुकान ‘बंद केलं’ न म्हणता ‘वाढवलं’ म्हणत? तसंच. एक नाव ‘उनोहाना’, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी बहरणारं एक पांढरं फूल. दुसरं ‘किराझु’, म्हणजे ‘चिरावं न लागणारं’. गाजर, कांद्याची पात आणि मशरूम घालून शिजवलेला ओकारा हा तिथल्या घरगुती जेवणातला साधा, मायेचा पदार्थ.

पुढे टोफूचे कारखाने झाले आणि चोथ्याचे ढीग पडू लागले. कारखान्यांकडून पैसे घेऊन ओकारा उचलणाऱ्या आणि त्याचं पशुखाद्य व खत करणाऱ्या एका व्यावसायिकावर विनापरवाना कचरा हाताळल्याचा खटला झाला. 10 मार्च 1999 रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला : हा ओकारा कायद्याच्या भाषेत औद्योगिक कचराच. कारण तो फार लवकर नासतो, आणि थोडासा भाग सोडला तर तो विकत घेणारं कोणी नाही. फुलाचं नाव मिळालेला पदार्थ कायद्याच्या वहीत कचरा झाला. पदार्थ तोच होता, त्याला घेणारे हात कमी झाले होते.

याच्या नेमकं उलट आपल्याकडे उसाचं झालं. शंभर किलो ऊस गाळला की साधारण तीस किलो ओला चोथा निघतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात हीच चिपाडं जळतात आणि वर काहिलीत त्याच उसाचा रस आटतो. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग महाराष्ट्रभर उभे राहिले. त्यांचे बॉयलरही चोथ्यावरच पेटले. आता त्यातून वीज होते, कागद होतो. उसाच्या चोथ्याला कचरा म्हणण्याची आज कुणाची छाती होणार नाही, कारण त्याचा भाव वजनकाट्यावर ठरतो.

आता जावा बेट. तिथल्या भाषेत चोथ्याला ‘अंपास’ म्हणतात. पश्चिम जावामध्ये शेंगदाण्याच्या पेंडीवर आणि टोफूच्या चोथ्यावर नारिंगी बुरशी वाढवून ‘ओन्चोम’ करतात. तो चवीने खाल्ला जातो. मध्य जावातल्या बान्युमास भागात नारळाचं दूध किंवा तेल काढून उरलेल्या चोथ्यावर पांढरी बुरशी वाढवत आणि त्याच्या वड्या करत. त्यांना नाव ‘तेंपे बोंगक्रेक’. सोयाबीनचं तेंपे ज्यांना परवडत नसे, त्यांचं हे अन्न. आपल्या भाषेत कोंड्याचा मांडा.

हा मांडा करणारे वाकबगार लोक होते. कुठली बुरशी धरली, कुठली फसली, वडीचा रंग कसा हवा, हे त्यांचे हात ओळखत. 1929 नंतर जगावर मंदी आली, जावातही लोकांच्या हातातला पैसा आटला. वड्या विकत घेणं जड झालं, तेव्हा लोक त्या घरीच करू लागले. हातात कसब नव्हतं, पोटात भूक होती. मग वड्या खाऊन माणसं मरू लागली. बटाविया, म्हणजे आजच्या जकार्तामध्ये काम करणाऱ्या मेर्टेन्स आणि व्हान व्हेन या डच संशोधकांनी त्या दशकात कारण शोधलं. पांढऱ्या बुरशीने नीट पकड घेतली नाही, की एक जिवाणू त्या चोथ्यात शिरतो आणि विष तयार करतो. त्याला त्या वडीवरूनच ‘बोंगक्रेकिक आम्ल’ हे नाव पडलं. त्याला वास नाही, चव नाही, आणि शिजवल्याने ते नाहीसंही होत नाही. 1951 ते 1975 या पंचवीस वर्षांत दर वर्षी सरासरी 288 जणांना गंभीर विषबाधा झाली आणि 34 माणसं दगावली. 1988 मध्ये इंडोनेशियात या वड्यांवर बंदी आली.

नानीच्या ‘नाही ठेवत’चा अर्थ मला हे वाचताना लागला. तिला जिवाणू ठाऊक नव्हता. पण ओला चोथा म्हणजे उघडं घर, त्यात कुणीही शिरतं, हे तिच्या आधीच्या बायकांनी कधीतरी पाहिलं असणार आणि एका वाक्यात बांधून पुढे दिलं असणार. गरिबाचं अन्न म्हणजे नुसतं उरलंसुरलं नसतं. त्यात पिढ्यांचं ज्ञान असतं. ते ज्ञान तुटलं आणि नुसती भूक उरली, की तेच अन्न जीव घेतं.

मग चोथ्याला मान कधी मिळाला? आफ्रिकेत युगांडामध्ये अनेक वर्षं काम केलेल्या डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने 1970च्या दशकात आग्रहाने मांडलं, की तिथल्या खेड्यांतल्या लोकांच्या जेवणात चोथा भरपूर असतो आणि युरोपातले आतड्यांचे कितीतरी विकार त्यांच्यात क्वचित आढळतात. त्याच्या सगळ्याच अनुमानांवर एकमत झालं नाही, पण तंतुमय आहाराचं महत्त्व जगाला पटलं. पैसेवाल्याच्या ताटाने गाळून टाकलेलं गरिबाच्या ताटात होतं, ते आता डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देऊ लागले.

आज शहरातल्या ओट्यावर ज्यूसरमधून गाजर-सफरचंदाचा रस निघतो, बदामाचं दूध गाळलं जातं आणि चोथा कचऱ्याच्या डब्यात जातो. ‘याचं करायचं काय?’ असं घराघरात विचारतात. उत्तर नवं नाही. गाजराचा चोथा थालीपिठात किंवा पराठ्याच्या कणकेत घाला. बदामाचा चोथा तुपावर परतून शिऱ्यात, बर्फीत घाला, नाहीतर मंद आचेवर पूर्ण कोरडा करून डब्यात भरा. जे करायचं ते त्याच दिवशी करा, जमत नसेल तर लगेच फ्रीझरमध्ये ठेवा. आणि नारळाचा चोथा घरी आंबवायचे प्रयोग करू नका. त्या प्रयोगाची किंमत जावाच्या लोकांनी मोजून झाली आहे.

आणि हो, पुढच्या वेळी एखाद्या भाषणाला ‘चोथा’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा. कोणी सांगावं, त्याचीही चांगली चटणी होत असेल!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)