मात्रा, माती आणि वस्ताद : महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेतील दुखापत-प्रतिबंधाचा विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील व्यायामाचा इतिहास प्रामुख्याने मल्लांचे पराक्रम, राजाश्रय आणि राष्ट्रीय जागृती या अंगांनी लिहिला गेला आहे. व्यायाम करणाऱ्याचे शरीर दुखावू नये म्हणून कोणती काळजी घेतली जात असे, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले. वस्तुतः ही काळजी तालमीच्या रचनेतच अंतर्भूत होती. व्यायाम तालमीतून शाळेच्या मैदानावर आणि कुस्ती मातीवरून गादीवर आली, तेव्हा या काळजीचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथांतील मात्राविचार

भारतीय वैद्यकात व्यायामाचे गुण आणि त्याची मर्यादा यांचा विचार एकत्रच केलेला आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शरीराला स्थैर्य व बल देणारी क्रिया ती व्यायाम, अशी व्याख्या असून तो मात्रेनेच करावा असे सांगितले आहे. अतिव्यायामाने थकवा, तहान, खोकला, ज्वर इत्यादी विकार संभवतात, असेही तेथे नमूद आहे. सुश्रुतसंहितेने ही मात्रा अधिक नेमकी केली. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे. वय, बल, शरीर, देश, काळ आणि आहार पाहूनच व्यायाम ठरवावा, हा सुश्रुताचा दंडक व्यक्तिभेदाला मान्यता देणारा आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही मल्लांचे वय व शरीरबल यांनुसार वर्गीकरण केलेले आहे.

तालमीतील व्यवस्था

हा मात्राविचार तालमीत तीन गोष्टींतून व्यक्त होत असे. पहिली गोष्ट माती. हौद्यातील तांबडी माती नित्य उकरून भुसभुशीत ठेवली जाई. तीत तेल, ताक, हळद, लिंबू इत्यादी मिसळण्याची प्रथा होती. उकरलेल्या मातीमुळे पडणाऱ्याला लागणारा मार सौम्य होई. शिवाय माती उकरणे हेच शरीर तापविणारे पहिले काम असे. दुसरी गोष्ट क्रम. जोर, बैठका, जोडी फिरविणे, मग लढत आणि शेवटी मर्दन व विश्रांती, असा सर्वसाधारण परिपाठ होता. तिसरी गोष्ट म्हणजे वस्ताद. कोणाला कोणाशी लढवावे, कोणाचा दम संपत आला आहे, कोणाला आज हौद्यात उतरू देऊ नये, हे वस्तादाची नजर ठरवीत असे. सांधा निखळला किंवा पाय मुरगळला तर उपचाराचे प्राथमिक ज्ञानही अनेकदा याच वर्तुळात असे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव हे व्यायामाचार्य आणि अस्थिचिकित्सक अशा दोन्ही नात्यांनी ओळखले जात.

अर्थात या व्यवस्थेचे आदर्शीकरण करणे योग्य नव्हे. हजारांच्या संख्येतील जोर-बैठकांची बढाई तालमीतही मारली जाई आणि फुटलेला कान हे पहिलवानकीचे भूषण मानले जाई. शिवाय हे ज्ञान मुख्यतः मौखिक होते. वस्ताद गेला की त्याच्याबरोबर तेही जाण्याचा धोका होता.

संस्थात्मक वळण

विसाव्या शतकात व्यायामाला संस्थात्मक रूप आले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, तर पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये स्थापन झाले. माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांच्या शरीरावरील परिणामांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. द. चिं. मजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत बडोद्याहून प्रसिद्ध झाला. मुंबई प्रांतात १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू झाली. या प्रयत्नांमुळे मौखिक ज्ञान लेखनात व अभ्यासक्रमात येऊ लागले. तथापि सांघिक कवायतीत शेकडो मुले एकाच आज्ञेवर एकच हालचाल करू लागली. व्यायाम बहुजनांपर्यंत पोहोचला, हा मोठाच लाभ होय. परंतु प्रत्येकाची ‘अर्धी शक्ती’ ओळखणारी नजर त्या रांगांमध्ये असणे अवघड होते.

मातीवरून गादीवर

या संक्रमणाची किंमत खाशाबा जाधव यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते. कराडजवळील गोळेश्वरच्या या मल्लाने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे स्थान मिळविले, तेव्हा गादीवरील कुस्ती व तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना अपरिचित होते. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. तेथे जपानच्या इशीईबरोबरच्या दीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले आणि विश्रांतीचा हक्क मागण्यासाठी कोणी भारतीय अधिकारी उपस्थित नव्हता, असे वृत्तांतांत नमूद आहे. तालमीत वस्ताद जे काम करी, ते करणारे तेथे कोणी नव्हते. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची संधीही हुकली.

गादी मातीपेक्षा वाईट, असा याचा अर्थ नव्हे. मात्र मातीत अनवाणी पाय सरकतो, तर गादीवर बुटाचा तळ पकड घेतो. परिणामी गुडघा व घोटा यांवर पडणारा पीळ बदलतो. पृष्ठभाग बदलला की सरावाची पद्धतही हळूहळू बदलावी लागते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, व्यायामातील सुरक्षितता केवळ साधनांवर अवलंबून नसते. शरीर आधी तापविणे, भार टप्प्याटप्प्याने वाढविणे, श्वासावरून श्रम ओळखणे आणि विश्रांतीला व्यायामाचाच भाग मानणे ही तत्त्वे आधुनिक क्रीडावैद्यकाइतकीच या परंपरेलाही परिचित होती. आजच्या व्यायामशाळेत उकरलेली माती नाही आणि अनेक ठिकाणी वस्तादही नाही. यंत्रावरचा आकडा वजन सांगतो. उचलणाऱ्याची मात्रा सांगत नाही. म्हणून ती ओळखू शकणारा प्रशिक्षित मार्गदर्शक प्रत्येक शाळेत व व्यायामशाळेत असणे, ही या इतिहासातून पुढे येणारी गरज होय.