अग्निबाणाच्या शेपटातील वर्णपट

सूर्याच्या प्रकाशाचा एक महत्त्वाचा अंश पृथ्वीवर कधीच उतरत नाही. सुमारे २,९०० अँगस्ट्रॉमहून आखूड लांबीचे अतिनील किरण ओझोनच्या थरातच अडतात. सजीवांवर हा मोठाच उपकार. ज्योतिर्विदांची मात्र त्यामुळे कुचंबणा झाली. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तप्त, तर त्याभोवतीचा किरीट दहा लाख अंशांवर, हे १९४० नंतर स्वीडनच्या एडलेन यांच्या संशोधनाने उघड झाले. आणि इतके तप्त वायू मुख्यतः अतिनील व क्ष-किरणांतच बोलतात.

वातावरणाबाहेर डोकावण्याचे साधन लाभले ते महायुद्धातून. जे व्ही-२ अग्निबाण लंडनवर कोसळले आणि जे घडविताना हजारो कैदी राबून मेले, त्यांचेच सुटे भाग अमेरिकेने न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे नेले. विज्ञानाची ही वंशावळ झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नौदलाच्या प्रयोगशाळेतील रिचर्ड टौसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ जून १९४६ रोजी अशा एका अग्निबाणाच्या टोकात वर्णपट टिपणारे उपकरण बसविले. अग्निबाण वाळवंटात असा आदळला की फिल्म हाती लागलीच नाही. ज्यांचे आयुष्य दप्तरे सांभाळण्यात गेले, त्यांना या हानीचे मोल सांगावयास नको!

१० ऑक्टोबरला उपकरण शेपटाच्या पंखात ठेवले. उतरताना स्फोटाने टोक वेगळे केले, तेव्हा उरलेला भाग गिरक्या घेत, त्या मानाने सावकाश पडला. पोलादी पेटीतील फिल्म शाबूत सापडली. तिच्यावर एकाखाली एक वर्णपट उमटले होते: अग्निबाण जसजसा चढला तसतसा अतिनील बाजूचा अंधार मागे सरत गेला, आणि ५५ किलोमीटरवर २,२०० अँगस्ट्रॉमपर्यंतचा सूर्य प्रथमच दिसला.

पुढे १९७३ मध्ये स्कायलॅबवर टौसींचीच उपकरणे होती. त्यांतील फिल्म अंतराळवीर यानाबाहेर जाऊन काढून आणीत. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आपल्या आदित्य-एल१ वरील, पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने घडलेली ‘सूट’ ही दुर्बीण २,००० ते ४,००० अँगस्ट्रॉमच्या टप्प्यात पूर्ण सूर्यबिंब टिपते. म्हणजे टौसींच्या फिल्मवर ज्याची पहिली चाहूल उमटली, तोच हा प्रदेश. आता पेटी शोधत वाळवंट तुडवावे लागत नाही. पंधरा लाख किलोमीटरवरून चित्रे रेडिओलहरींवर स्वार होऊन उतरतात.