शोध, शब्द आणि मध्यस्थ

ज्ञानाच्या दाराशी मध्यस्थ उभा असतो, हे या पानांच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. तो पोथी सांगणारा असो की कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा असो, आपले म्हणणे तो आपल्या शब्दांत पुढे जाऊ देत नाही. आधी ते त्याच्या भाषेत बसवतो आणि बसवताना जे सांडते त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रंथालयांच्या जगात हा मध्यस्थच संगणकात घालण्याचा प्रयोग झाला. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गाबाहेर ही हकिकत सहसा येत नाही. पण तिच्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 1964 साली 'मेडलार्स' ही यंत्रणा सुरू केली. वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांच्या नोंदी चुंबकीय फितीवर साठवलेल्या आणि प्रत्येक नोंदीला 'मेश' या ठरीव यादीतले विषयशब्द जोडलेले. ही यादी 1960 साली निघाली होती. डॉक्टराने प्रश्न पाठवायचा, ग्रंथालयातल्या तज्ज्ञाने तो यादीच्या शब्दांत मांडायचा, मग यंत्राने नोंदी काढून द्यायच्या. पुढे 1971 मध्ये 'मेडलाइन' आली आणि दूरध्वनीच्या तारेवरून शोध घेता येऊ लागला. 1972 मध्ये लॉकहीड कंपनीची 'डायलॉग' सेवा पैसे देणाऱ्यास खुली झाली. पण प्रत्येक सेवेच्या आज्ञा निराळ्या, प्रत्येक साठ्याची शब्दयादी निराळी आणि घड्याळ पैसे मोजत असलेले. साधा वाचक त्या यंत्रापुढे बसणार कसा? त्याच्या वतीने बसणारा ग्रंथपाल हा नवा मध्यस्थ झाला.

या मध्यस्थाची परीक्षा लँकेस्टर या अभ्यासकाने मेडलार्सच्याच सुमारे 300 प्रत्यक्ष शोधांवर घेतली. त्याचा अहवाल 1968 साली आला. साठ्यात असलेल्या उपयुक्त लेखांपैकी शंभरात सुमारे 58 हाती लागत, आणि हाती आलेल्यांपैकी जेमतेम निम्मे कामाचे असत. हे आकडे पुढे पाठ्यपुस्तकांत गेले. परंतु अहवालातली खरी दाहक गोष्ट वेगळीच होती. तज्ज्ञासमोर बसून, त्याच्याशी बोलून मांडलेल्या प्रश्नांपेक्षा, ज्यांनी आपली गरज आपल्याच शब्दांत कागदावर सविस्तर उतरवून पाठवली त्यांचे प्रश्न मूळ गरजेशी अधिक प्रामाणिक राहिले. तज्ज्ञ बोलता बोलता माणसाला यादीच्या शब्दांकडे ओढून नेई. माणूसही शहाण्यापुढे मान डोलावी, आणि त्याला हवे होते ते मागेच राही. रॉबर्ट टेलरने त्याच 1968 साली लिहिले, की गरज प्रथम मनात अस्फुट असते, मग जाणवते, मग तिला रूप येते आणि शेवटी यंत्रणेला मानवेल अशा तडजोडीच्या प्रश्नात ती उरते. तडजोड नेहमी कोणत्या बाजूने होते, हे त्याने वेगळे सांगण्याचे कारण नव्हते.

याच पार्श्वभूमीवर 'ज्ञानाधिष्ठित प्रणाली' आल्या. तज्ज्ञाचे ज्ञान 'जर असे, तर तसे' अशा नियमांत लिहून यंत्रात घालायचे, ही रीत 1970 च्या दशकात रोगनिदानाच्या कामी रुळली होती. ग्रंथपालाचे कसब तसेच उचलता येईल, असे अनेकांना वाटले. एमआयटीमध्ये रिचर्ड मार्कस यांनी 'कॉनिट' उभारली. एकाच सोप्या भाषेत विचारा, निरनिराळ्या सेवांच्या आज्ञा ती स्वतः बनवी. इंग्लंडमध्ये हडर्सफील्डच्या स्टीव्हन पॉलिट यांनी 1980 च्या दशकात 'कॅनसर्च' केली. कर्करोगाच्या उपचारांवरील लेख हवे असलेल्या डॉक्टराने पडद्यावरच्या पर्यायांना नुसते बोट लावायचे: कोणता अवयव, कोणता उपचार. मेशमधले काटेकोर शब्द यंत्र जोडी. साधी 'कॅन्सर' म्हटलेली व्याधी त्या यादीत 'निओप्लाझम्स' या नावाने नांदते, ही अडचण डॉक्टराला कळतही नसे.

सोय झाली, यात शंका नाही. पण माझे म्हणणे असे, की बहुतेक प्रणालींनी मध्यस्थाचे कसब घेतले तशी त्याची खोडही घेतली. वाचकाचा शब्द यादीच्या शब्दात लोटायचा, एवढेच त्या अधिक वेगाने करीत.

वेगळ्या वाटेने जाणारे थोडे होते. ऑडी यांची 'थॉमस' (1977) प्रश्न मांडायलाच लावत नसे. ती नोंदी दाखवी, वाचकाने हे हवे, ते नको म्हणायचे आणि त्यावरून ती पुढे सरके. पुढे 1982 मध्ये बेल्किन, ऑडी आणि ब्रुक्स यांनी त्यामागचा विचार मांडला: माणूस शोधायला येतो तो काही ठाऊक नसते म्हणून, आणि आपण त्याला जे ठाऊक नाही त्याचेच नेमके वर्णन मागतो! यांतल्याच ब्रुक्स नंतर लंडन विद्यापीठात व्हिकरी दांपत्याबरोबर 'प्लेक्सस'वर काम करू लागल्या. ही प्रणाली बागकामाच्या प्रश्नांसाठी होती. तिने वाक्यातले शब्द वनस्पती, क्रिया, साधन, स्थळ अशा पैलूंत वाटून घ्यायचे. शब्द अनोळखी निघाला, तर तो कशात मोडतो हे ती वाचकालाच विचारी. या पैलूंचे मूळ मद्रासचे ग्रंथपाल रंगनाथन यांच्या 1933 च्या द्विबिंदू वर्गीकरणाकडे जाते. ब्रायन व्हिकरी हे तो विचार इंग्लंडात रुजवणाऱ्यांपैकी एक.

आता यादीविषयी. यंत्र कितीही शहाणे केले तरी यादी लिहिणारा कोण, हा प्रश्न उरतोच. सॅनफर्ड बर्मन हा अमेरिकी ग्रंथपाल झांबियात काम करीत असताना त्याला उमगले, की लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकयादीतला 'काफिर' हा शब्द म्हणजे आफ्रिकी माणसाला दिलेली शिवी आहे. 1971 साली त्याने अशा शीर्षकांचा पंचनामा करणारे पुस्तकच काढले. त्या यादीशी आपलाही संबंध आहे. 1962 पासून पीएल-480 च्या योजनेत मराठी पुस्तके दिल्लीमार्गे अमेरिकी विद्यापीठांत जाऊ लागली आणि पुढे दलित लेखकांची पुस्तकेही तेथे पोचली. ज्यांनी 'दलित' हे नाव स्वतःसाठी निवडले, त्यांच्यावरचे ग्रंथ त्या यादीत दीर्घकाळ 'अनटचेबल्स' या शीर्षकाखाली लागत होते.

1997 मध्ये मेडलाइन 'पबमेड' या रूपाने सर्वांना विनामूल्य खुली झाली. तेथे कोणी 'हार्ट अटॅक' लिहिले, तर यंत्र मुकाट्याने 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' हा यादीतला शब्दही त्याबरोबर शोधते. जुन्या प्रणालींचे नियम असे नजरेआड चालू आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीतही आज शीर्षक 'दलित्स' असे आहे. 'अनटचेबल्स' हा शब्द तेथून गेलेला नाही. तो लिहून शोधणाऱ्याला 'दलित्स'कडे पाठवण्यापुरता खाली बारीक ओळीत ठेवला आहे.