काढून टाकलेला थर्मोस्टॅट

"सर, काढूनच टाकू या. आपल्याकडे थंडी कुठाय?"

गेल्या वैशाखात रत्नागिरीतल्या एका गॅरेजात हे वाक्य ऐकले आणि ते फार ओळखीचे वाटले. माझे वडील जवळजवळ याच शब्दांत हेच म्हणत असत. त्यांना ते कोणा ड्रायव्हरने सांगितले होते, त्या ड्रायव्हरला त्याच्या उस्तादाने. साहित्याच्या विद्यार्थ्याला मौखिक परंपरेचे कुतूहल असतेच. परंतु मोटारीच्या इंजिनातील दोन-अडीच इंचांच्या एका पितळी झडपेविषयीही अशी परंपरा असू शकते, आणि तिची पाठचिकित्सा करावी लागते, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

निमित्त साधे होते. घरची गाडी हातखंब्याचा चढ चढताना गरम होऊ लागली. काटा लाल रेघेकडे सरके, उतारावरही खाली येईना. बाटलीतील पाण्याची पातळी ठीक होती, गळती दिसत नव्हती, पंखा फिरत होता. मात्र इंजिन तापून रटरटत असताना रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप हाताला जेमतेम कोमट लागत होता. याचा अर्थ उकळते पाणी इंजिनातच कोंडले होते आणि पंखा बिचारा थंड रेडिएटरला वारा घालत होता. दार उघडत नव्हते, आणि त्या दाराचे नाव थर्मोस्टॅट.

नावाविषयी थोडे विषयांतर करतो. उष्णतावाचक आणि स्थैर्यवाचक अशा दोन ग्रीक पदांपासून हा शब्द अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनज्ञाने १८३० च्या सुमारास घडवला, तेव्हा मोटारीचा जन्मही झाला नव्हता. 'तापस्थापी' असा प्रतिशब्द मराठीत सहज करता येतो. भाषाशुद्धीचा हिरिरीने पुरस्कार करणारे सावरकर १९२४ ते १९३७ या काळात याच गावी स्थानबद्ध होते; त्यांच्या गावात तरी हा शब्द चालावा असे कोणाला वाटेल. गॅरेजात मात्र 'थरमोस्टॅट' हाच शब्द चालतो, आणि 'काढून टाकणे' हे त्याचे जवळजवळ नित्य क्रियापद आहे.

हे क्रियापद त्याला कसे चिकटले, हा खरा इतिहास आहे. आरंभीच्या मोटारींना अशी झडप नसे. फोर्डच्या 'मॉडेल टी'ला (१९०८-१९२७) बहुतांशी पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. १९१४ मध्ये कॅडिलॅकने पाण्याच्या अभिसरणावर तापनियंत्रक झडप बसवली. पुढे रूढ झालेल्या झडपांत लवकर बाष्प होणारा द्रव भरलेला पितळी भाता असे. तो तापून फुगला की झडप उघडे. १९३० नंतरच्या दशकात सर्जियस व्हर्नेट याने भात्याऐवजी मेण वापरले. ठरलेल्या तापमानाला मेण वितळते, फुगते, दांडी ढकलते. निवले की स्प्रिंग झडप मिटवते. आजही बहुसंख्य गाड्यांत हेच मेण काम करते.

आता हे यंत्र कोकणात आणून पाहा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट बाहेर पडत, तिकडे बंगालातून अँबॅसडर येई. या गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. घाटात गाडी रखडत चढू लागली की पंखाही रखडे. म्हणजे वाऱ्याची गरज सर्वाधिक तेव्हाच वारा सर्वांत कमी. कशेडी, परशुराम, आंबा, कुंभार्ली या घाटांत बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्यांची रांग माझ्या पिढीने लहानपणी पाहिली आहे. (कोकणच्या रस्त्यावर गाडी थांबायला दर वेळी पु. लं.ची 'म्हैस'च आडवी यावी लागत नसे.) ड्रायव्हर झऱ्याचे किंवा विहिरीचे पाणी डब्याने आणून ओतत. त्यातील क्षार आणि इंजिनाच्या लोखंडाचा गंज यांचा थर झडपेवर चढे, ती मिटलेल्या अवस्थेत अडके. परवान्यांच्या त्या काळात सुटा भाग वेळेवर मिळण्याची खात्री नाही, जवळचे शहर घाटापलीकडे, आणि गाडीत लग्नाचे वऱ्हाड. अशा वेळी झडप उपटून फेकून देणारा ड्रायव्हर मला अडाणी वाटत नाही. मिटून अडकलेली झडप इंजिन जाळते. नसलेली झडप फक्त इंजिन थंड ठेवते. दोन वाइटांतील कमी वाईट त्याने निवडले.

चूक पुढे झाली. प्रसंगाचा उपाय सिद्धांत झाला आणि त्याला 'आपल्याकडे थंडी नाही' हे समर्थन जोडले गेले. हे समर्थन ऐकायला चोख, पण पोकळ आहे. इंजिनाला हवे असते सुमारे ८० ते ९५ अंश सेल्सियस तापमान. रत्नागिरीची हवा कितीही उकाड्याची असली तरी या आकड्यापासून फार दूर आहे. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, त्याचा अंश आणि बाष्पाचे पाणी ऑइलमध्ये उतरते, झीज वाढते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या हे मुकाट सोसत. इलेक्ट्रॉनिक इंधनयोजनेच्या गाडीत संगणकाला इंजिन अजून गार आहे असे कळत राहते आणि तो अधिक पेट्रोल पाजत राहतो. आणखी गंमत अशी की, काही इंजिनांत झडपेचीच दुसरी चकती पाण्याची आतली आडवाट बंद करते. झडप काढली की ती आडवाट कायमची उघडी राहते, काही पाणी रेडिएटर टाळूनच परत फिरते, आणि थंड राहावी म्हणून जिची झडप काढली ती गाडी चढावर पुन्हा तापते.

मी झडप काढली, पण बदलण्यासाठी. गाडी रात्रभर निवू दिली. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हा धडा वडिलांच्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागाने मला लहानपणीच दिला होता. आतला द्रव मी तसराळ्यात काढून घेतला आणि ते लगेच झाकले. तो द्रव गोडसर असतो, पण विषारी. आणि अंगणात मांजरे फिरतात. वरचा होज पाइप जिथे इंजिनाला मिळतो त्या टोपीचे दोन बोल्ट सोडवले. एक गंजला होता. त्यावर तेल सोडून अर्धा तास वाट पाहिली, घाईने पिरगळला असता तर तुटलाच असता. खाली ती झडप होती, तपकिरी पुटे चढलेली.

मग स्वयंपाकघर. जुने पातेले, पाणी, रसायनशास्त्र विभागातील सहकाऱ्याकडून मागून आणलेला तापमापी. "ते पातेलं आता परत आत आणायचं नाही," असे घरातून बजावण्यात आलेच. जुनी आणि नवी अशा दोन्ही झडपा तळाला लागू नयेत म्हणून दोऱ्याने टांगून सोडल्या. नवीवर ८२ हा आकडा कोरलेला होता. त्या सुमारास तिच्या कडेला केसाएवढी फट दिसली, आणि नव्वदीच्या पुढे ती चांगली बोटाच्या पेराच्या निम्मी उघडली. जुनी पाणी खळखळा उकळू लागले तरी मख्ख. इतकी वर्षे ऐकीव ज्ञानावर बोलत होतो. हा पहिला प्रत्यक्ष पुरावा.

बाकी काम चिकाटीचे होते. बैठकीवरचे जुने पॅकिंग खरवडून जागा स्वच्छ केली. मेणाची कुपी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला ठेवली, हवा सुटण्याचे बारीक छिद्र वरच्या अंगाला. टोपी ॲल्युमिनियमची, म्हणून बोल्ट आळीपाळीने आणि बेतानेच आवळले. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी भरले, विहिरीचे नव्हे. झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली गेली, पुन्हा भरली. काही मिनिटे वरचा पाइप गार होता. मग एकाएकी हाताला चटका बसला.

दुसऱ्या रविवारी साखरप्यावरून आंबा घाट चढून गेलो. काटा मध्याच्या जरा खाली होता, तिथेच राहिला. परतताना गॅरेजवाल्यांना जुनी झडप दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याने स्प्रिंग दाबली आणि म्हणाले, "मेली होती ही. पण सर, जुन्या फियाटला आम्ही काढायचोच."