शिरगावचे लोह आणि शिरगावचे पाणी

मेक्सिकोतील ग्वानाह्वातो हे नगर खाणीतून जन्मले. तेथील व्हालेन्सियाना ही रौप्यखाण अठराव्या शतकाच्या अखेरीस जगातील अतिसमृद्ध खाणींत गणली जाई. खाणीजवळच उभारलेले सान कायेतानोचे चर्च १७८८ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी पेडणे पोर्तुगीजांच्या हाती गेले. डिचोली त्याच दशकात थोडी आधी गेली होती. हा केवळ योगायोग होय. परंतु खनिजाने गाव घडते काय, हा प्रश्न डिचोली तालुक्यातील शिरगावासंबंधी विचारावयाचा झाल्यास ही तुलना आम्हांस उपयोगी वाटते.

शिरगावचे खनिज लोहाचे. पोर्तुगीज सरकारने दिलेल्या खाणसवलतींचे रूपांतर १९८७ च्या कायद्याने, २० डिसेंबर १९६१ पासून, खाणपट्ट्यांत करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि गोव्याची माती ट्रकांतून नदीकाठी, तेथून बार्जींतून मुरगाव बंदरी जाऊ लागली. धातू परदेशी वितळे, मोठा नफाही गावाबाहेरच राही. रोजगार मिळाला, ट्रक आले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या मातीतून शिरगावात ग्वानाह्वातो उभे राहिले नाही. राहिले ते खोल खड्डे आणि टाकाऊ मातीचे डोंगर.

गाव घडविले होते ते पाण्याने. भातशेती, कुळागरे, विहिरी आणि तळी हाच येथील जुना अर्थव्यवहार. आणि श्रीलईराईची जत्राही याच पाण्याशी बांधलेली आहे. वैशाख शुद्ध पंचमीस भरणाऱ्या या जत्रेसाठी धोंड आधी काही दिवस व्रतस्थ राहतात, सोवळ्याने शिजविलेले अन्न घेतात, तळीत स्नान करतात आणि हाती वेत घेऊन रात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. अग्निदिव्य सर्वांच्या नजरेत भरते. त्याआधीच्या स्नानाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही, हे आम्हांस खटकते. लोकपरंपरा लईराईस मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई यांची बहीण मानते. म्हापशाची मिलाग्रीस सायबीणही त्यांतलीच. देवीस मोगरा प्रिय, आणि मोगऱ्यासही पाणी लागतेच!

खाणी भूजलाच्या पातळीखाली उतरल्या, आणि शिरगावच्या विहिरी आटल्या. शेतांत गाळ साचला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले. पुढे ते अंशतः सुरू झाले. तथापि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण झालेले ८८ खाणपट्टे रद्द ठरविले. डिसेंबर २०२२ मध्ये शिरगाव परिसरातील खनिजखंडांचा लिलाव झाला. २०२५ च्या जत्रेत, ३ मेच्या पहाटे, चेंगराचेंगरीत भाविकांचे बळी गेले, तेव्हा बाहेरच्या जगाने हे नाव ऐकले. लिलावानंतर परिसरातील गावकऱ्यांनी मांडलेली मागणी मात्र तितकी ऐकली गेली नाही: घरे, मंदिरे, शेते आणि तळी खाणपट्ट्यांतून वगळावीत.