रक्तांतील एक साक्षीदार

ज्वर हा स्वतःच रोग, कीं रोगाचें केवळ लक्षण, हा वाद वैद्यकांत फार जुना आहे. त्याचेंच एक अर्वाचीन प्रकरण वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें. हल्लीं रक्ततपासणीच्या कागदावर ‘सीआरपी’पुढील आंकडा वाढलेला दिसतांच घरांतील मंडळींचा जीव टांगणीला लागतो; पण हीं अक्षरें आलीं कोठून, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

१९३० सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें टिलेट व फ्रान्सिस हे संशोधक न्यूमोनियाच्या रोग्यांचें रक्त तपाशीत होते. त्या काळीं पेनिसिलिन औषध म्हणून उपलब्ध नव्हतें. न्यूमोनियाच्या जंतूंपासून वेगळ्या काढलेल्या एका अंशास ‘सी’ हें नांव होतें. रोग्याच्या रक्तरसांत तो मिसळला म्हणजे साका बसे. येथवर नवल नव्हतें. जंतूंशीं झगडणारीं प्रतिद्रव्यें रोग उतरण्याच्या सुमारास रक्तांत दिसूं लागत. हें द्रव्य मात्र रोगाच्या भरांत आढळे आणि रोगी सुधारतांच नाहींसें होई! पुढें न्यूमोनियाशीं संबंध नसलेल्या रोगांतही तें सांपडलें. १९४१ सालीं ॲव्हरी व त्यांचे सहकारी मॅक्लाउड आणि ॲबरनेथी यांनीं तें प्रथिन असल्याचें दाखविलें. याच ॲव्हरी व मॅक्लाउड यांनीं मॅकार्टी यांच्यासह १९४४ सालीं आनुवंशिकतेचें द्रव्य डीएनए असल्याचा पुरावा पुढें आणला.

हें प्रथिन मुख्यतः यकृतांत तयार होतें. शरीरांत कोठेंही दाह झाला कीं तेथून रासायनिक निरोप यकृताकडे जातात. सुमारें ६ तासांत त्याचें प्रमाण चढूं लागतें, सुमारें ४८ तासांत तें शिखर गांठतें, आणि प्रसंगीं हजारपटही होतें. निर्मिति थांबली म्हणजे दर १९ तासांस तें निम्मे होत जातें. म्हणूनच औषध लागू पडलें कीं नाहीं, हें वैद्यास त्यावरून कळूं शकतें. मात्र दाह दांतांत आहे, फुप्फुसांत आहे कीं सांध्यांत, हें तें सांगत नाहीं.

१९९७ सालीं अमेरिकेंत रिडकर यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, निरोगी दिसणाऱ्या ज्या पुरुषांत हें प्रमाण थोडें अधिक होतें, त्यांस पुढें हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव अधिक होता. मग साक्षीदारावरच गुन्ह्याचा संशय आला. परंतु २००८ ते २०११ या काळांतील मोठ्या आनुवंशिक अभ्यासांत असें आढळलें कीं, जन्मतःच ज्यांच्या रक्तांत हें प्रथिन अधिक, त्यांस केवळ तेवढ्यामुळें हृदयविकार अधिक होत नाहीं.

आमच्या नैयायिकांनीं धुरावरून अग्नीचें अनुमान करावयास शिकविलें. धुरानें अग्नि पेटतो, असें त्यांनीं कधींच म्हटलें नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकासही हा विवेक सोडतां येत नाहीं. कागदावरील आंकड्यानें घाबरूं नये, तसेंच त्याची उपेक्षाही करूं नये. धूर दिसल्यावर शहाण्यानें आग कोठें लागली आहे तें शोधावें.