तसवीरखान्यापासून विद्यापीठापर्यंत

बारावीनंतर अ‍ॅनिमेशन शिकायचे आहे, असे मुलाने किंवा मुलीने घरात सांगितले की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘कार्टून काढायला कॉलेज कशाला?’ दुसरा, जरा खालच्या आवाजात, ‘तसवीर काढणे आपल्यात चालते का?’ मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. हे दोन्ही प्रश्न पालकांनी मला अनेकदा विचारले आहेत. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे: हे शिक्षण परके आहे, कालपरवाचे आहे आणि आपल्या इतिहासाशी त्याचा काही संबंध नाही. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

१५६२च्या सुमारास अकबर बादशहाने आपल्या तसवीरखान्याला एक अवाढव्य काम दिले. हजरत हमजा यांच्या नावाभोवती गुंफलेल्या साहसकथा, म्हणजे ‘हमजानामा’, चित्रांत उतरवायचा. हे काम सुमारे पंधरा वर्षे चालले आणि जवळपास १४०० चित्रे तयार झाली. चित्रे कापडावर रंगवलेली, सव्वादोन फूट उंचीची. कथेचा मजकूर पानाच्या मागच्या बाजूला. दास्तान वाचणारा वाचत असेल आणि ऐकणारे समोरचे चित्र पाहत असतील, अशीच ही रचना दिसते. त्यांतली दोनशेहून कमी चित्रे आज उरली आहेत. त्यांतली बरीचशी व्हिएन्ना आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत.

आजच्या चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांसमोरून सरकतात. त्या हिशेबाने हमजानाम्याची सगळी चित्रे एक मिनिटसुद्धा पुरणार नाहीत! अर्थात ती सरकवण्यासाठी काढलेली नव्हती. पण चित्रकारापुढचे प्रश्न तेच होते. गोष्टीतला नेमका कोणता क्षण निवडायचा? नायक कुठे उभा करायचा? पाहणाऱ्याची नजर आधी कुठे जावी? आज विद्यापीठात स्टोरीबोर्डच्या तासाला विद्यार्थी हेच शिकतात.

काम करण्याची पद्धतही ओळखीची वाटेल. अकबराच्या काळातील अनेक हस्तलिखितांत चित्राखाली एकाहून जास्त नावे असतात. ‘तरह’ म्हणजे आराखडा एकाचा, ‘अमल’ म्हणजे रंगकाम दुसऱ्याचे, काही वेळा चेहरे तिसऱ्याचे. आजच्या स्टुडिओत पात्ररचना, पार्श्वभूमी, हालचाल आणि प्रकाश ही कामे अशीच वाटलेली असतात.

या तसवीरखान्याचे प्रमुख होते आधी मीर सय्यद अली आणि नंतर ख्वाजा अब्दुस्समद. दोघेही हुमायूनच्या काळात इराणहून आलेले. अब्दुस्समद यांच्या एका शागीर्दाची हकीकत अबुल फजल यांनी ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवली आहे. त्याचे नाव दसवंत. पालखी वाहणाऱ्या कहाराचा हा मुलगा भिंतींवर चित्रे काढत असे. बादशहाची नजर त्याच्यावर पडली आणि त्याला ख्वाजांच्या हाती सोपवण्यात आले. थोड्याच काळात तो पहिल्या फळीचा चित्रकार झाला. महाभारताच्या फारसी भाषांतराच्या, म्हणजे ‘रज्मनामा’च्या, कितीतरी चित्रांचे आराखडे त्याचे आहेत. कहाराचा मुलगा, इराणी उस्ताद, फारसी महाभारत! आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील हे पान पाठ्यपुस्तकात यायला हवे.

आता दुसरा प्रश्न. सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांमध्ये मतभेद होते आणि आहेत. मी मुफ्ती नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. अबुल फजल यांनी मात्र अकबराचा एक विचार नोंदवून ठेवला आहे. चित्रकार सजीवाचा एकेक अवयव काढतो, पण त्यात प्राण घालू शकत नाही, आणि म्हणूनच त्याला प्राण देणाऱ्याची आठवण होते, असा त्याचा आशय. हे मत कुणी मानावे किंवा न मानावे. पण ‘आपल्या इतिहासात चित्रे नव्हतीच’ असे कुणाला म्हणता येणार नाही. शिवाय अ‍ॅनिमेशन म्हणजे फक्त माणसे-प्राणी नव्हेत. यंत्र कसे चालते, इमारत कशी उभी राहील, भूमितीचे प्रमेय कसे उलगडते, हेही त्यातूनच दाखवले जाते.

महाराष्ट्रातही चित्रातून गोष्ट सांगण्याची परंपरा जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारत गाऊन सांगत आले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. आगकाडी जराशी हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. तो चित्रपट आज उपलब्ध नाही.

पुढचा टप्पा सरकारी आहे. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. शिकवायला आले डिस्नेच्या स्टुडिओत ‘बॅम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ मध्ये जातककथेवरचा ‘द बॅनियन डिअर’ तयार झाला. त्या तुकडीत राम मोहन होते. रसायनशास्त्राचे हे पदवीधर पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे उस्ताद मानले गेले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विजया मुळे यांचा १९७४चा ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनवर पाहिलेली माझी पिढी तो अजून विसरलेली नाही. एवढ्याशा फिल्मने जे शिकवले, ते नागरिकशास्त्राच्या किती तासांना साधते? शिक्षक म्हणून हा प्रश्न मला छळतो.

इथपर्यंत शिक्षण उस्ताद-शागीर्द पद्धतीचेच होते. संगणकावरच्या हालत्या चित्रांच्या वाढीत मात्र विद्यापीठाचा मोठा वाटा होता, आणि त्यात विद्यार्थ्यांचाही हात होता. अमेरिकेतील युटा विद्यापीठात एड कॅटमल नावाचा विद्यार्थी होता. लहानपणी त्याला अ‍ॅनिमेटर व्हायचे होते, पण आपला हात तेवढा चांगला नाही असे वाटून तो भौतिकशास्त्र आणि संगणकाकडे वळला. १९७२ मध्ये त्याने स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा केला, त्यावर रेषांचे जाळे आखले, एकेक बिंदू मोजून संगणकात भरला आणि पडद्यावर तो हात हलवून दाखवला. हाच कॅटमल पुढे पिक्सारचा सहसंस्थापक झाला. १९९५ मध्ये आलेला ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट त्याच कंपनीचा.

त्याच विद्यापीठात १९७५च्या सुमारास मार्टिन न्यूवेल यांना प्रयोगासाठी एखादी गोलाईदार वस्तू हवी होती. पत्नीने घरातली चहाची किटली सुचवली. त्यांनी ती आलेखाच्या कागदावर उतरवली आणि तिचे बिंदू संगणकात भरले. ती किटली इतकी उपयोगी पडली की अजूनही काही थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये गोल आणि घनासोबत ती तयार मिळते. नवे शास्त्र असे घरातल्या चहापासूनही सुरू होते!

म्हणून ‘कॉलेज कशाला?’ याचे उत्तर साधे आहे. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत शिकता येते आणि काही वर्षांत ते जुने होते. गोष्ट कशी रचावी, माणूस चालताना त्याचे वजन कुठल्या पायावर येते, उजेड कुठून पडतो, दहाजणांत मिळून काम कसे करावे, हे शिकायला उस्ताद, सोबती आणि वेळ लागतो. पूर्वी हे तसवीरखान्यात मिळत असे, आता विद्यापीठात मिळते. अहमदाबादची एनआयडी आणि आयआयटी मुंबईचे आयडीसी या सरकारी संस्थांत हे शिक्षण आहे. आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी ‘यूसीड’ ही प्रवेशपरीक्षा असते. ती कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते.

खरी अडचण वेगळीच आहे. ती परीक्षा इंग्रजीत असते आणि आमच्या मुलांपर्यंत तिची माहितीच पोहोचत नाही. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी आता बारावीत आहे. वडील रिक्षा चालवतात. तिच्या मराठीच्या वहीच्या समासात शेखचिल्लीच्या गोष्टी चित्रांतून चालत असत. एका खासगी क्लासने तिच्या वडिलांना लाखांत फी सांगितली. यूसीडचे नावही काढले नाही. आता ती रोज तासभर इंग्रजी उतारे सोडवते, तासभर स्केचिंग करते. निवड होईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. परीक्षेचा अर्ज मात्र वडिलांनी स्वतः तिच्यासोबत बसून भरला.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. फी भरण्याआधी संस्थेला मान्यता आहे का ते पाहा, तिथल्या मुलांनी केलेल्या फिल्म्स पाहा, शिष्यवृत्तीची चौकशी करा. आणि आपल्या भाषेतल्या दास्तानी मुलांना सांगा. तंत्र त्यांना विद्यापीठात मिळेल. सांगायची गोष्ट त्यांनी घरून न्यायची आहे. दसवंतला भिंत होती आणि ती पाहणारी एक नजर होती. आपल्या घरांत वह्या भरपूर आहेत. त्या एकदा उघडून पाहू या.